बिनशेपटीचा फुगा

कामाच्या पहिल्याच दिवशी तिनं खोलीचं दार ढकललं, तर आत एक माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःचाच गळा आवळत होता! जीभ बाहेर, डोळे पांढरे. ती अशी काही किंचाळली की खालच्या मजल्यावरचं छपाईयंत्र थांबलं म्हणे.

"हां... तसंच! तोंड मिटू नका," तो म्हणाला आणि चक्क तिचं चित्र काढायला बसला.

हा तिथला चित्रकार. आजोबांच्या काळातली भयकथांची चित्रमासिकं मालक नव्यानं छापत होते. एका अंकात चार-पाच गोष्टी, प्रत्येकीच्या शेवटी अंगावर काटा. कसरीनं खाल्लेली चित्रं हा पुन्हा काढायचा आणि पात्रांच्या बोलण्याचे फुगे कोरे सोडायचा. त्यांत सुबक अक्षरात संवाद लिहिणं हे तिचं काम. तो तिला फुगेवाली म्हणायचा, ती त्याला भूतवाले.

"भूतवाले, या अंकातल्या सगळ्या बायका माझ्यासारख्या का किंचाळतायत?"

"तुमच्यासारखं दुसरं कुणी किंचाळतच नाही हो."

"आणि ही चेटकीण? नाक माझंच आहे!"

"नाकाला नावं ठेवू नका. मला आवडतं ते..."

बोलून गेला खरा, आणि मग उगाचच पेन्सिलीला टोक करत बसला. टोक आधीच होतं. ती मात्र दिवसभर नाक चाचपत राहिली, वेडी कुठली!

मग दूरच्या शहरातून त्याला मोठ्या नोकरीचं बोलावणं आलं. शनिवारी निघायचं होतं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. तिनंही केलं, हसून, आणि जिन्यात जाऊन डोळे पुसून आली. जा म्हणणं सोपं होतं. दुसरं काही म्हणायला ती त्याची कोण लागत होती?

शेवटची एक गोष्ट उरली होती. एका घरात भाड्यानं राहायला आलेली मुलगी तिथल्या भुताला घाबरतच नाही, उलट त्याच्याशी गप्पा मारते. शेवटी बिचारं भूतच बॅग उचलतं. पुढे काय, देव जाणे! शेवटचं पान कुठल्याच प्रतीत सापडलं नव्हतं. "तुम्ही दोघंच काय तो शेवट करा," मालक म्हणाले.

शुक्रवारी दुपारी त्यानं पान तिच्या टेबलावर ठेवलं. उंबरठ्यावर भूत, हातात बॅग, मान मागे वळलेली. आत मुलगी, आणि वर एकच कोरा फुगा.

"शेपटी काढायची राहिली," ती म्हणाली. "फुग्याला शेपटी नसेल तर कळणार कसं, बोलतंय कोण?"

"राहिली नाही... सोडलीय." तो म्हणाला. "कुणी बोलायचं ते तुम्हीच ठरवा. मला काही सुचत नाहीये."

आणि गेला की चहाला!

तिनं टाक शाईत बुडवला. 'नको ना जाऊस,' तिनं लिहिलं. अक्षर वाकडं आलं, तेही तिचं! शेपटी तिनं मुलीकडे नेलीच नाही. चौकट ओलांडून, समासातून, थेट पानाच्या खालच्या कडेला आणली. तिथे तिचा स्वतःचा हात टेकला होता.

तो परत आला. शेपटीवर बोट ठेवून पार खालच्या कडेपर्यंत नेलं.

"शेपटी बाहेर गेलीय," तो हळूच म्हणाला.

"जी बोलतेय तिच्याकडेच गेलीय."

"मग इतके दिवस ती बोलली का नाही?"

"तुम्ही फुगा कुठे ठेवला होतात?"

तो हसला नाही. त्यानं पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. तिला वाटलं, आता हा फुगाच पुसणार! पण ब्रश फुग्याकडे फिरकलाच नाही. तो तिच्या खांद्यावरून वाकला आणि श्वास रोखून त्यानं भुताच्या हातातली बॅग पुसून टाकली.

"हात रिकामा दिसतोय आता," तो म्हणाला.

तिनं टाक खाली ठेवला आणि आपला हात पुढे केला.