पेन्सिली खाणारा डोहाळा

रेवाच्या डबीतल्या पाटीवरच्या पेन्सिली रोज कमी होत होत्या. घरोघरी बोलके पडदे आले, तरी आबा तिच्याकडून गणिते पाटीवरच करून घेत. त्यामुळे प्रश्न गंभीर होता. घरात उंदीर नव्हता. शेवटी तिने घरातल्या यंत्रमानवाला, बंडूला, डबीत हात घालतानाच पकडले.

"चोर!"

"चोर नव्हे," बंडू शांतपणे म्हणाला. "पहिलटकरणीचे डोहाळे पुरवावेत, ही आजींची आज्ञा. मावशींना पेन्सिली खायच्या आहेत."

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली कुमुदमावशी हल्ली जिना चढताना दोनदा थांबत असे. रेवा तडक आबांकडे गेली. रक्ताच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या आबांनी चष्मा काढला.

"डोहाळा हा शब्द फार सोयीचा आहे. चिंच मागणे वेगळे, पेन्सील मागणे वेगळे!"

त्यांच्या सांगण्यावरून बंडूने मावशीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. "हिमोग्लोबिन (प्राणवायू वाहून नेणारे रक्तातले लाल द्रव्य) आठ. निदान अकरा हवे."

"अगं बाई! माझ्या पोरीला काही होणार नाही ना?" आजींनी मावशीला जवळ घेतले.

"वेळेवर कळले आहे," आबा म्हणाले. "हिमोग्लोबिन बनायला लोह लागते. गरोदरपणी आईचे रक्त वाढते, शिवाय बाळही आपला वाटा घेते. साठा संपला की रक्तक्षय (हिमोग्लोबिन कमी पडणे) होतो. मग धाप लागते, आणि प्रसूतीतला रक्तस्राव सोसवत नाही."

"म्हणजे शरीर पेन्सिलीत लोह शोधते?" रेवाने विचारले.

"छे! पेन्सिलीतून काही मिळत नाही. तरी ती खावीशी का वाटते, हे विज्ञानालाही अजून नीट उमगलेले नाही."

"पण मी लोहाच्या गोळ्या घेते की," मावशी म्हणाली. "रोज, न चुकता, चहाबरोबर."

"तिथेच तर घोटाळा! चहातले तुरट द्रव्य लोहाला अडवून धरते. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घे. चहा दोन तासांनी."

त्याच दिवशी डॉक्टरांनी मात्रा वाढवून दिली.

काही आठवड्यांनी बंडूने सवयीने पेन्सील पुढे केली. मावशीने नाक मुरडले. "शी! हे कोण खातं?"

आबा मोठ्याने हसले आणि आजींनी आनंदाने डोळे पुसले. आकडा अकरावर पोहोचला होता.

प्रसूती सुखरूप झाली. मुलगी झाली, आणि तिच्या रडण्याने घर दणाणले. रेवाने डबीतली शेवटची पेन्सील पाळण्याच्या उशाशी ठेवली.

"ही कशासाठी?" बंडूने संशयाने विचारले.

"लिहायला!" सगळे एकदम ओरडले.