गाडीचं पोट आणि विहिरीतलं पाणी

गाडीचं पोट जमिनीपासून नऊ इंच. पाणी भीमाच्या कमरेला.

कातळवाडीच्या विहिरीत सुरुंगाने सुटलेला धोंडा भीमाच्या पायावर बसला. बहात्तरच्या दुष्काळात चार महिने खोदून न लागलेलं पाणी त्याच घटकेला लागलं! धोंडा उचलायची साखळीकप्पी होती डोंगराखालच्या अकोले गावात, त्याच्या धाकट्या भावाकडे, सहादेव मेकॅनिककडे. भीमाची बायको भागिरथी डोंगर उतरून धावत आली होती.

"वैनी, जीप जाईल?"

"बैल बी जात न्हाई, भावजी."

उरली सहादेवची चारचाकी. लष्करी लिलावातल्या मोटारसायकलला चार चाकं. चढावर उताणी पडू नये म्हणून मागची चाकं धरणारा चिमटा त्याने चार इंच लांबवला होता. पण चिमटा लांबला तसा स्प्रिंगवरचा भार वाढला. मागे भागिरथी बसली, कप्पी चढली, आणि गाडीचं बूड खाली गेलं.

धाड! पहिल्याच खडकाला पोट घासलं.

पोट चौदा इंच. पाणी छातीला.

सहादेवने सोबत घेतलेले उंच, कडक स्प्रिंग घाईघाईने बसवले.

"बघा, खडक कसा पोटाखालून चालला!"

भागिरथीने मागची कप्पी घट्ट धरली.

पुढे कड्याची वाट आली, दरीकडे कललेली. गाडी डुलली. डोंगराकडची चाकं उचलली! भागिरथीने त्या बाजूला अंग झोकून दिलं. चाकं टेकली.

सहादेवने गाडी थांबवली. उंची अंगाशी आली होती.

"मला, गाडीवानाच्या लेकीला इचारायचं हुतं," ती म्हणाली. "आडव्या उतारावर आमी वझं चाकांच्या आसाखाली बांधतो."

पोट सहा इंच. पाणी हनुवटीला.

जुने स्प्रिंग परत घातले. कप्पी पोटाखाली आवळली. गाडी जमिनीला चिकटून सरकली. एक वळण. दुसरं. कडा संपला!

आणि समोर खडकांचं रान.

पोट शून्य.

गाडी खडकावर बसली. चाकं हवेत फिरत राहिली.

"सोडा तिला!" भागिरथी ओरडली.

तीन वर्षांची मेहनत सहादेवने तिथेच टाकली. त्याने कप्पी खांद्यावर घेतली, तिने साखळी. दोघं पळाली.

विहिरीत फक्त भीमाचं कपाळ दिसत होतं, आणि तोंडात धरलेला एरंडाचा पोकळ देठ. देठातून श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

साखळी ताणली. धोंडा वीतभर उठला. खोदकामावरच्या माणसांनी भीमाला ओढून काढलं.

घोट्याखाली पाऊल उरलं नव्हतं.

भागिरथीने लुगडं फाडून पाय आवळला. भीमाने डोळे उघडले.

"पानी गोड हाय," तो म्हणाला.

काठावर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. पाणी लाल होतं. तरी एकही घरी गेली नाही.