आपण म्हणजे कोण?

दार उघडलं आणि आधी वास आला, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या ब्रेडचा. मग माणूस आला. उंच, डोळे तांबारलेले, कानाच्या पाळीवर पीठ. त्याचं बोट धरून एक पाचेक वर्षांची मुलगी होती.

"ही बहिरी झालीय का, तेवढं सांगा," तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

मी कान तपासते. दिवसभर लोक माझ्यासमोर येऊन असंच काहीतरी एका दमात बोलून टाकतात, पण इतकं घाबरून कुणी बोललं नव्हतं.

"बसा तर आधी," मी आवाज मुद्दाम अगदी खाली आणला. "नाव काय गं तुझं?"

"मुंगी," मुलगी म्हणाली.

"कागदावर वेगळं आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "साखरेचा डबा कुठंही लपवा, ही बरोबर पोचते. म्हणून मुंगी."

"पण मी कुजबुजले आणि तिनं उत्तर दिलं. बहिरी कशी?"

"माणसांचं ऐकते हो. पडद्याचं ऐकत नाही."

मग हळूहळू उलगडा झाला. त्यांच्या स्वयंपाकघरात एक स्मार्ट डिस्प्ले होता, बोलणारा पडदा. ठरल्या वेळी तो बोलून आठवण करायचा: उठणं, दात घासणं, दप्तर भरणं. हा बेकरीत कामाला. उजाडायच्या आत घर सोडायचा, आणि दोघी मुली पडद्याच्या हाकेवर उठायच्या. थोरली ताई सगळं आवरायची. धाकटी मात्र हाक आली की पुतळ्यासारखी उभी राहायची. कधी कधी शाळाच बुडायची.

"सासूबाई म्हणतात, पोरी माझ्याकडं पाठवा. त्या दूर राहतात. पोरी गेल्या तर..." त्यानं टोपी हातात चुरगळली. "म्हटलं, आधी कान बघू. कानाचं दुखणं असेल तर त्याला औषध तरी असेल."

मी मुंगीला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले. आवाज आला की वाडग्यात एक मणी टाकायचा. आवाज उतरवत उतरवत मी इतका खाली नेला, की मोठी माणसं तिथं नुसती बावळटासारखी बघत बसतात. मणी पडतच राहिले.

"तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," मी म्हणाले. "घरातला पडदा बोलतो ते ऐकू येतं?"

"येतं की."

"मग?"

"तो म्हणतो, चला, आपण दात घासूया. मग मी थांबते."

"कुणासाठी?"

मठ्ठ मुलाकडं बाई बघतात तशी ती माझ्याकडं बघू लागली. "आपण म्हणतो ना तो! आपण म्हणजे मी आणि आणखी कोणीतरी. ते कोणीतरी येतच नाही."

मी मान वर केली. तो दाराला टेकून उभा होता. त्याचा चेहरा... असा चेहरा मी निदान सांगताना पाहिला आहे.

"ते तिच्या आईनं भरलंय," तो म्हणाला. "शेवटी शेवटी तिला अंथरुणातून उठवायचं नाही. पडल्या पडल्या मोबाइलवरून एकेक आठवण लिहायची. मी त्यातलं अक्षरही बदललं नाही."

मी यंत्र बंद केलं.

"बदलून बघा," मी शक्य तितक्या हळुवारपणे म्हटलं. "'आपण घासूया' नको. 'मुंगी, दात घास.' सरळ."

जाताना तो दारात वळला. "आपण फार मदत केलीत."

"बाबा," मुंगीनं त्याचा हात ओढला, "आता आपण म्हणजे कोण? तू की ती?"

तो हसला. बरेच दिवस न वापरलेलं दार उघडावं तसं, जरा अडखळत. सकाळपासूनची माझी डोकेदुखी कुठल्या कुठं गेली होती...

*

"तुझा भट्टीवाला आलाय," स्वागतकक्षातल्या काकूंनी आत डोकावून सांगितलं. "गरम आहे अजून."

"काय?"

"ब्रेड गं. तुला काय वाटलं?"

तो बाहेर कागदात गुंडाळलेला ब्रेड घेऊन उभा होता. "घासते," तो म्हणाला. "पहिल्या हाकेला. कपडे घालते, दप्तर उचलते. शाळेतनं तक्रार नाही. सासूबाईही जरा थंडावल्या."

"मग चेहरा असा का?"

"झोप नाही म्हणून," तो म्हणाला, आणि मग खोटं नकोसं झाल्यासारखा थांबला. "एका दुपारी बसून सगळ्या 'आपण'चे 'तू' केले. संपल्यावर वाटलं, तिच्या आईचं जे उरलं होतं, ते मी माझ्या हातानं पुसलं."

मी ब्रेड हातात घेतला. खरंच गरम होता.

"रविवारी आपण घरी याल? मुंगी विचारते."

"आपण म्हणजे मी ना?"

"म्हणजे... तुम्ही." त्याचे कान लाल झाले. "या शब्दानं माझा पिच्छाच पुरवलाय."

"आणि मुंगी विचारते, की मुंगीचे बाबा?"

"मुंगी जरा जास्त विचारते," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

मी गेले. मग जातच राहिले. त्या घरातली दुपार अजून माझ्या कानात आहे. नळाची टिपटिप, ताईच्या पेन्सिलीची खरखर, आणि मध्येच पडद्याचा तो गुळगुळीत, कुणाचाच नसलेला आवाज: "ताई, दप्तर भर." दर हाकेला त्याचा हात क्षणभर थबकायचा, मग पुन्हा भांडं घासू लागायचा. मी पुसायची. भांडं देताना त्याची बोटं लागायची — भाजल्याच्या जुन्या खुणांनी खरबरीत झालेली — आणि दोघंही त्या भांड्याकडंच बघत राहायचो. जणू त्यात काही लिहिलंय.

"कान तपासणाऱ्या माणसाला खोटं बोललेलं कळतं का हो?" त्यानं एकदा विचारलं.

"नाही. फक्त ऐकू आलं की नाही, एवढं कळतं."

"मग बरंय. मी गप्पच बसतो."

"गप्प बसलेलंही ऐकू येतं कधी कधी..."

हातातला पेला निसटता निसटता राहिला. ताई वही सोडून आम्हा दोघांकडं बघत होती. नऊ वर्षांच्या मानानं तिची नजर फारच म्हातारी होती.

कधी तो वाक्याच्या मधेच झोपून जायचा, टेबलावर डोकं टेकून. मी मुलींना घेऊन बाहेरच्या खोलीत बसायची. परतताना बसमध्ये मात्र एक विचार काही केल्या सोडायचा नाही. या घरात एका माणसाची जागा रिकामी आहे, आणि मी नेमकी तिथं बसतेय. खुर्ची मोकळी होती म्हणून मी, की मी म्हणून मी? विचारायचं धाडस झालं नाही. उत्तर मिळालं असतं ना...

*

दुपारची वेळ होती, मी त्या दिवशी तिथं नव्हते. तो पहाटेपासून राबून आडवा झाला होता, ताई न्हाणीघरात होती. पडदा बोलला, "मुंगी, दूध गरम कर."

आईनं लिहिलं होतं, 'आपण दूध गरम करूया.' म्हणजे कोणीतरी मोठं बरोबर असताना. इतके दिवस ती हाक आली की मुंगी उभी राहायची, आणि शेवटी बाबा उठून दूध ठेवायचा. पण सगळ्या 'आपण'चे 'तू' करताना, झोपेनं जड डोळ्यांनी, त्यानं याही वाक्याचं 'तू' केलं होतं. तेव्हापासून रोज हाक यायच्या आधीच त्यानं दूध ठेवलेलं असायचं, म्हणून त्या वाक्यातला धोका त्याच्या ध्यानात आला नाही. त्या दिवशी तो उठला नाही. जिला आयुष्यभर कोणाची तरी वाट बघायची सवय होती, तिनं नेमकी इथं वाट बघितली नाही. स्टूल ओढलं, शेगडी पेटवली, पातेलं ओढलं, आणि तापलेलं दूध हातावर आलं.

इस्पितळाच्या बाकावर तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. मुंगीचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. "मी सांगितलेलं केलं," ती मला म्हणाली. रडत नव्हती. तिला शाबासकी हवी होती.

संध्याकाळपर्यंत आजी येऊन पोचली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं फक्त नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि जावयाला म्हणाली, "माझी लेक त्या खोक्यात चार शब्द ठेवून गेली, तेवढेही तुम्हाला सांभाळता आले नाहीत."

"चूक माझी आहे," तो म्हणाला.

"चुकीचं काय घेऊन बसलात? वाईट नाही तुम्ही. पण चांगला माणूससुद्धा कधीतरी झोपतोच ना." मग ती माझ्याकडं वळली. "तू कोण गं?"

"मी... कान तपासते."

"म्हणजे तुला तरी नीट ऐकू येत असेल. पोरी माझ्याकडं येतायत. याला दिवसपाळी मिळाली तर पुढचं बघू. आणि तू." ती जवळ आली, आवाज उतरला. "थांबणार असशील तर थांब, जाणार असशील तर आत्ताच जा. या पोरींनी एकदा वाट बघितलीय. दुसऱ्यांदा नको."

मी पर्स उचलली आणि पुन्हा बाकावर ठेवली. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. बहुधा मुद्दामच.

मुली गेल्या. ताईनं दोघींची बॅग स्वतः भरली, असं मला नंतर कळलं.

*

तो दवाखान्यात आला नाही. ब्रेड आला नाही. काकूंनी एकदाही थट्टा केली नाही, आणि तेच जास्त लागलं. शेवटी मीच गेले.

त्यानं दार उघडलं. दाढी वाढलेली, घर लख्ख. मुली असताना कधी नव्हतं इतकं लख्ख. मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसते न बसते तोच पडदा बोलला, "ताई, दप्तर भर."

"बंद का नाही करत?"

"एकदा हात लावला त्याला. पुरे झालं."

"दिवसपाळी?"

"भट्टी रात्रीच पेटते. मालक म्हणाला, दुसरीकडं बघ. बघतोय... सगळीकडं भट्टी रात्रीच पेटते."

तो समोर बसला. मधे टेबल, त्यावर पाण्याचे दोन पेले. पुसायला भांडी नव्हती, म्हणून दोघांनाही हातांचं काय करावं ते कळेना.

"आला नाहीत," मी म्हणाले.

"काय म्हणून येणार? पोरी होत्या तेव्हा विचारलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं, पोरींसाठी विचारतो. आणि खरं सांगू? माझं मलाही कळत नव्हतं. दमलेल्या माणसाला मदत आणि माया वेगळी ओळखू येत नाही." तो थांबला. शब्द चाचपत, एकेक. "आता घर रिकामं आहे. केस विंचरायचे नाहीत, दप्तरं नाहीत. मला तुमची गरज नाहीये. कशासाठीच नाही. तरी भट्टीसमोर उभा असतो आणि... म्हणून आत्ता विचारतोय."

"काय विचारताय?"

"ते अजून जमवतोय," तो म्हणाला.

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. मी काही बोलणार, इतक्यात पडदा वाजू लागला. आजीच्या फोनवरून.

मी आपोआप खुर्ची मागं सरकवली, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. लोकांच्या घरात पाहुणा सरकतो तशी.

मुंगीचं नाक पडदाभर आलं. "बाबा! पट्टी काढली! आतून गुलाबी आहे सगळं!"

"दुखतं का?"

"नाही. आजी फुंकर घालते." मागून ताईचा आवाज आला, "बाबा, तू शर्ट उलटा घातलायस." मग त्या दोघी एकमेकींना ढकलत काहीबाही सांगत राहिल्या, नवी शाळा, नव्या बाई, खिडकीतून दिसणारी मांजर. तो नुसता "हो का... हो का..." म्हणत होता.

मग आजीचा आवाज. "घरात कोण आहे? दोन पेले दिसतायत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. उत्तर दिलं नाही. देऊ शकला असता. 'कोणी नाही' म्हणाला असता, किंवा माझं काम सांगितलं असतं. तेवढा वेळ त्यानं मला दिला.

मी खुर्ची उचलली आणि त्याच्या शेजारी आणून ठेवली. लाकूड फरशीवर खरकन वाजलं. पडद्याच्या कोपऱ्यात, लहानशा चौकटीत, मला आम्ही दोघं दिसलो. दमलेला माणूस आणि रडवेली बाई.

"मी आहे, आजी," मी म्हणाले. "थांबलेय."

मुंगी हसली, ताई हसली नाही. आजीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मग त्याला शर्ट सुलटा घालायला सांग," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पडदा काळा झाला. मुली तिकडं, तितक्याच लांब. तो उठला, "शर्ट..." असं काहीतरी पुटपुटत आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. शर्ट सुलटा करायला इतका वेळ लागत नाही. भिंतीपलीकडचं ते रडणं त्यानं उशीत दाबलं होतं. दुसऱ्या कुणाला ते ऐकू आलं नसतं.

मी दार वाजवलं नाही. चहाचं आधण ठेवलं आणि तिथंच बसून राहिले.