लॉर्ड पेलिंग्टनचे बूट

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, नीरजाच्या बाबतीत घडलंय. आणि तिला थापा मारायची सवय नाही.

जयगडच्या खाडीवर, उघड्या कातळाच्या सड्यावरचा जुना बंगला. गेल्या वर्षीचा मे महिना.

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. भर दुपारचे बारा.

नीरजाच्या नवऱ्याने, सलिलने, मालगुंडची आंब्याची बाग सांभाळून तो बंगला भाड्याने घेतला आणि होमस्टे काढला. पाहुणे भुलवायला एक साहेबही शोधून काढला. लॉर्ड पेलिंग्टन. दीडशे वर्षांपूर्वी तो याच बंगल्यात मेला होता.

दारावर पाटी लागली. 'थोर मुत्सद्दी, साम्राज्याचा निष्ठावंत सेवक.'

नीरजा शाळेत इतिहास शिकवते. तिने साहेबाची सगळी कुंडली वाचली होती.

"कसला डोंबलाचा मुत्सद्दी!" ती म्हणाली.

बापाच्या कुळांनी निमूट मतं टाकली, म्हणून हे ध्यान पार्लमेंटात जाऊन बसलं. इतक्या वर्षांत एकदाच तोंड उघडलं, तेही कोल्ह्यांच्या शिकारीबद्दल. बाप गेल्यावर उमरावांच्या सभागृहात बढती. तिथे नुसत्या झोपा. शेवटी पक्षालाही नकोसा झाला, तेव्हा दुष्काळाची पाहणी करायला त्याला हिंदुस्थानात पिटाळला. इथे येऊन पठ्ठ्याने काय पाहिलं? पायरीचे आंबे! इतके हादडले, की हगवण लागून मेला. जन्मात स्वतःच्या हाताने बूट म्हणून चढवला नाही. नाव मोठं, लक्षण खोटं.

सलिल हसला. पाटी तशीच राहिली.

होमस्टे सुरू झाला त्या दिवशी गावचे सखारामतात्या गाऱ्हाणं घालायला आले. आमच्याकडे नव्या जागेत नारळ ठेवून राखणदाराला साकडं घालतात. एकजण बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तिथे दिलेला शब्द म्हणजे शब्द.

पडवीत साहेबाची म्हणून एक जुनी वेताची खुर्ची होती. सलिलने नारळ तिच्यापुढे ठेवला.

"तात्या, साहेबाचं पण नाव घ्या. पाहुण्यांना मजा वाटेल."

"त्याचा नाव कशाला? तो कवा आपला व्हता?" तात्या उठून चालते झाले.

मग सलिलनेच हात जोडले.

"बा साहेबा, ही वास्तू तुझी. आम्ही तुझे चाकर. तू सांगशील ती सेवा करू..."

मुंबईचे पाहुणे हसत ओरडले, "व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. नीरजा सोलकढीसाठी नारळ खवत होती.

टिण्...

तिचा हात थांबला. घरात घंटी नव्हतीच.

टिण्... टिण्...

"व्हय म्हाराजा." हा सलिलचा आवाज.

ती पडवीत धावली. सलिल खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला होता. मान खाली. बोटं हवेत काहीतरी बांधत होती...

बुटाची नाडी.

खुर्ची रिकामी होती.

पण वेत मात्र... खाली दबला होता.

"सलिल, पुरे हं नाटकं!"

तो वळला नाही.

मग रोजचंच झालं. बारा वाजले की घंटी, आणि हा गुडघ्यांवर. डॉक्टर म्हणाले, दगदग झालीय, झोप हवी. हळूहळू सलिल दिवसभरही नावाने हाक मारली तर बघेना. लेक ईशा "बाबा, बाबा" करत बिलगायची. तो भिंतीला पाठ लावून, हात बांधून उभा. कुणाच्या तरी हुकुमाची वाट बघत...

नीरजाने तात्यांचं घर गाठलं. ती ढसाढसा रडली.

"शब्द तुमच्या घरातनं गेला, वहिनी," तात्या म्हणाले. "मागं घेनारा पन घरातलाच पायजे. मानसाचा नाव घेवन सोडवा त्याला. मी हायच व्हय म्हनायला."

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, गुडघ्यांवर बसलेल्या सलिलशेजारी ती खुर्चीपुढे उभी राहिली. नारळ ठेवला. हात मात्र जोडले नाहीत.

"ऐक रे पेलिंग्टन! तू कुणाचा सेवक नव्हतास. ऐतखाऊ होतास. दुष्काळ बघायला आलास आणि उपाशी माणसांकडून बूट चढवून घेतलेस!"

"व्हय म्हाराजा," तात्या म्हणाले.

"तू मेलास तेव्हा इथल्या कुत्र्यानेही तुझ्यासाठी अश्रू गाळला नाही!"

"व्हय म्हाराजा..."

या वेळी आवाज मोठा होता.

नीरजाच्या अंगावर काटा आला. पण ती थांबली नाही.

"माझा नवरा सलिल तुझा चाकर नाही. दिलेला शब्द मी मागे घेतेय. सोड त्याला!"

"व्हय म्हाराजा..."

मागून आला आवाज... भिंतीच्या कडेने, पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुरुषांचा, बायकांचा, एखाद्या म्हाताऱ्याचा. सगळे दमलेले.

ती गर्रकन वळली.

मागे एकटे तात्या. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

खुर्चीचा वेत करकरत वर आला.

"नीरजा," सलिल जमिनीवरून म्हणाला, "माझे गुडघे का दुखतायत गं?"

त्याच दिवशी त्यांनी बंगला सोडला. सलिल आता ठणठणीत आहे. बागेत राबतो, ईशाला शाळेत सोडतो. त्याला काही आठवत नाही.

कामानिमित्त मी जयगडला जात असते. दुपारी त्या सड्यावर मी गाडीचा वेग कमी करत नाही.

परवा नीरजा भेटली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"त्या साहेबाचं मला काही नाही गं. मसणात जाऊ दे त्याला. पण मी एकट्या सलिलचं नाव घेतलं. बाकीचे अजून तिथेच उभे आहेत."

"मग जा परत. त्यांचीही नावं घे."



"कोणती नावं घेऊ? तूच सांग."

मला एकही नाव माहीत नव्हतं.