तिसरा पेड

तुम्ही तिला फसवलंत. हसत हसत, हातात सरबताचे ग्लास घेऊन, तिच्या खांद्यावरची शाल सारखी करत तीन दिवस फसवलंत. त्या बोटीवरच्या सगळ्यांना हे म्हणायचंय, पण नावं घेत नाही. घ्यायला लागले तर पहिलं माझंच घ्यावं लागेल.

ऐकायचंय तर बसा. दिवा असू दे तसाच.

त्या गुरुवारी मी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत सामान आणायला गेले होते. २००६ चा फेब्रुवारी. वाइटांगी डेची सुट्टी सोमवारी आली होती, ती धरून आम्ही तीन रात्रींची क्रूझ घेतली होती. ऑकलंडहून बे ऑफ आयलंड्स, तिथे एक दिवस मुक्काम, मग एक दिवस नुसताच समुद्र आणि परत. आम्ही घरचे चौघं, आई, बाबा, आजी आणि मी. शिवाय बाबांचे मित्र रमणकाका, राजश्रीकाकू आणि त्यांची आठ वर्षांची सिद्धी, हे हॅमिल्टनहून येणार होते. बोटीवर शाकाहारी माणसाला उकडलेला ब्रोकोली देतात अशी रमणकाकांची खात्री होती, म्हणून त्यांनी यादी पाठवली होती. फरसाण, मेतकूट, लसणीची चटणी. मी त्यात आजीसाठी खोबरेल तेलाची बाटली घेतली.

आजी म्हणजे बाबांची आई. चौऱ्याहत्तर वर्षांची, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. तीन आठवड्यांपूर्वी घरामागच्या ओल्या लाकडी डेकवर घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, आणि डावा खांदा आधीच आखडलेला, त्यामुळे रोज सकाळी तिचे केस मी विंचरायची. घाईघाईत. मला बस पकडायची असायची, लेक्चर असायचं, जग सुधारायचं असायचं. माझा अंबाडा दुपारपर्यंत सुटायचा. आजी हसून म्हणायची, "तुझा हात वकिलाचा आहे. आमच्या ताईचा हात बघ, वेणी घातली की दोन दिवस डोळे ताणलेले राहायचे."

ताई म्हणजे मनोरमा, आजीची थोरली बहीण, माझी मनूआजी. सांगलीत मुलाकडे असायची. आजी दर रविवारी फोन कार्ड घासून तिच्याशी बोलायची.

मी सामान घेऊन आले तेव्हा बाबा गॅरेजमध्ये उभे होते. हातात कॉर्डलेस फोन. आजीला ऐकू जाऊ नये म्हणून तिथे गेले होते, हे मला नंतर कळलं. सांगलीहून सुमेधकाकांचा, म्हणजे मनूआजीच्या मुलाचा, फोन होता. मनूआजी पहाटे गेली होती.

बाबांनी गॅरेजमध्येच ठरवून टाकलं. आत्ता सांगायचं नाही. सोमवारी परत आलो की सांगू. आजी महिनाभर या सहलीची वाट बघतेय, तिचं बीपी, तिचा हात, आणि सांगून ती करणार तरी काय, सांगलीला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. आईने मान डोलावली. राजश्रीकाकू फोनवर म्हणाल्या, तसंही सासरी गेलेल्या बहिणीचं सुतक फार तर दीड दिवसाचं, ते बोटीवर चढेपर्यंत फिटेल.

मी तेव्हा युनिव्हर्सिटीत कायदा शिकत होते. रुग्णाला त्याच्या आजाराविषयी सगळं जाणून घेण्याचा हक्क असतो, यावर मी चार हजार शब्दांचा निबंध लिहिला होता. डॉक्टरची पत्रं आजीला मीच वाचून दाखवायची, एक शब्द न गाळता. ती म्हणायची, या घरात माझ्याशी खरं बोलणारी तू एकटी. आणि मी त्या संध्याकाळी तिची बॅग भरली. तिने विचारलं, चेहरा का उतरलाय गं? मी म्हटलं, असाइनमेंट आहे.

शुक्रवारी संध्याकाळी बोट निघाली. रांगीतोतो बेट मागे गेलं, तेव्हा आजी कठड्याला धरून उभी होती आणि लहान मुलीसारखी हसत होती. तिला आणि मला मिळून एक केबिन होती, खालच्या मजल्यावर, आतल्या बाजूची. खिडकी नाही. दिवा बंद केला की भर दुपारीसुद्धा डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हात दिसायचा नाही. खालून इंजिनाची घरघर यायची, झोपलेल्या जनावराच्या श्वासासारखी. आजी म्हणाली, "लोणच्यासारखं भरलंय की आपल्याला बरणीत."

शनिवारी सकाळी मी वर जाऊन कॉफी पिऊन आले. वीस मिनिटं गेली असतील. परत आले तर आजी पलंगावर बसलेली आणि तिचे केस झालेले. घट्ट, गुळगुळीत अंबाडा. एकही बट बाहेर नाही. कपाळाची कातडी ताणलेली, त्यामुळे ती दहा वर्षांनी तरुण दिसत होती. केबिनमध्ये ओल्या शिकेकाईचा वास होता. शिकेकाई आम्ही आणली नव्हती.

"कुणी बांधून दिले गं?"

"झाले बाई," ती म्हणाली. "छान झालेत ना?"

मला वाटलं, राजश्रीकाकू. नाश्त्याला त्यांचे आभार मानले, तर त्या म्हणाल्या, मी कधी? मी तर सिद्धीचे पोहायचे टॉग्ज शोधत होते तासभर. आईला विचारलं, तिनेही नाही.

बोट उपसागरात नांगरून उभी होती आणि किनाऱ्यावर छोट्या होड्यांतून जायचं होतं. होडी हलत होती, आजीचा हात असा, त्यामुळे ती मागे राहिली. आम्ही किनाऱ्यावरच्या रसेल गावात गेलो. जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घालून वाळूत फिरलो, सगळ्यांनी आइस्क्रीम खाल्लं. रमणकाका वाघाच्या शिकारीचा विनोद तिसऱ्यांदा सांगत होते आणि आई हसत होती. मला ते हसणं सहन होईना. मी एकटीच पुढच्या होडीने परत आले.

केबिनचं दार उघडलं तेव्हा आत अंधार होता. कॉरिडॉरच्या उजेडाची एक पट्टी आत गेली, दार माझ्यामागे आपोआप लागलं, आणि ती पट्टीही गेली.

आजी बोलत होती. हळू, रोजच्या आवाजात.

"...मग त्याने काय केलं? ...हं. ...हं. तो होताच तसला."

मध्ये मोठाले विराम होते, समोरचं माणूस बोलत असल्यासारखे. आणि त्या विरामांत एक आवाज येत होता. केसांतून फणी ओढल्याचा. सर्र... सर्र... वरपासून खालपर्यंत, न थांबता, न घाई करता.

मी भिंत चाचपून दिवा लावला. आजी पलंगाच्या कडेला पाठमोरी बसली होती. केस मोकळे, पाठीवर पसरलेले, तेलाने चमकणारे. फणी तिच्या मागे, गादीवर पडलेली. प्लास्टरचा हात मांडीवर होता.

"दिवा कशाला लावलास गं," ती म्हणाली. रागावून नाही. पाहुणे बसले असताना आपण मध्येच आलो की मोठी माणसं जशी म्हणतात, तसं.

मी बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये बराच वेळ उभी राहिले. माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता. माझा सत्यावर विश्वास होता, आणि ते मी खिशात घालून फिरत होते.

रविवारी चारी बाजूंना पाणी. आम्ही वरच्या डेकवर चहा घेत होतो. आजीने अंबाड्यावरून स्कार्फ बांधला होता. ती बाबांना म्हणाली, "गुरू, आज रविवार. ताईला इथून फोन लागेल का रे?"

बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, समुद्रात रेंज नसते आई, घरी गेल्यावर करू. रमणकाकांनी डॉल्फिन दिसला म्हणून बोट दाखवलं. डॉल्फिन नव्हता. राजश्रीकाकू शालीचं टोक सारखं करायला लागल्या. आजीने एकेकाकडे पाहिलं, सावकाश, सगळ्यात शेवटी माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मी समुद्राकडे बघितलं.

जिन्यात मी बाबांना गाठलं. म्हटलं, मी आत्ता सांगणार आहे, हा तिचा हक्क आहे, तुम्ही कोण ठरवणार. बाबा भांडले नाहीत. जिन्याच्या दांड्याला धरून म्हणाले, "मावशीने मला दहा वर्षं घरात ठेवून शिकवलं, निवी. मी गुरुवारपासून झोपलो नाहीये. पण आईला इथे, पाण्याच्या मध्ये रडताना बघायची माझ्यात ताकद नाही. उद्या सांगतो. एक दिवस दे."

मी एक दिवस दिला नाही.

दुपारचे तीन वाजले होते. खाली गेले, दार उघडलं. अंधार आणि शिकेकाई. मी दिव्याकडे हात नेला नाही, कारण आदल्या दिवशीचा तिचा स्वर आठवला. चाचपडत माझ्या पलंगावर बसले. मधली जागा हातभर असेल.

सर्र... सर्र...

मग फणी थांबली आणि दुसरा आवाज सुरू झाला. केसांचे पेड एकमेकांवर टाकल्याचा, ओढून घट्ट केल्याचा. बांगड्यांची बारीक किणकिण. आजीने प्लास्टर घातल्यापासून बांगड्या काढून ठेवल्या होत्या, दोन्ही हातांतल्या.

"हलू नकोस, दमे."

आवाज म्हातारा होता, थोडा घोगरा, वैतागलेला आणि मायेचा. माझ्या आजीचं नाव दमयंती आहे. तिला दमे म्हणणारं माणूस या जगात एकच होतं.

दार कुठे ते अंधारात कळेना. पळता येईना, म्हणून मी बोलले. खरं सांगायचं तर मी धैर्याने बोलले नाही. तो आवाज थांबावा म्हणून बोलले.

"आजी... मनूआजी गेली. गुरुवारी पहाटे. आम्ही तुला सांगितलं नाही."

सगळं थांबलं. फणी जमिनीवर पडली. वास गेला, एखाद्याने दार ओढून घ्यावं तसा, आणि मागे फक्त बोटीच्या गालिच्याचा कुबट वास उरला. इंजिन घरघरत होतं.

मग आजी बोलली.

"माहीत होतं गं मला. शुक्रवारी रात्रीच आली ती. माझ्या उशाशी बसली. मी म्हटलं, ताई, मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. सांगेपर्यंत तू आहेस."

"पण तू डेकवर... माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं, तू विचारतेयस."

"विचारत नव्हते. तू सांगू नयेस म्हणून बघत होते." ती रागावली नव्हती. "दोन दिवसांत साठ वर्षांचं बोललो आम्ही. एवढी वेणी पुरी होऊ द्यायची होतीस, बाळा."

मी दिवा लावला. वेणी मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत घातलेली होती, दोरखंडासारखी घट्ट. तिथून खाली दोन पेड एकमेकांवर टाकलेले, आणि तिसरा तसाच लोंबत होता, कुणीतरी हातातून नुकताच सोडल्यासारखा. मी आजीच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडले. रडायचं तिने होतं, पण ती माझ्या डोक्यावरून डावा हात फिरवत राहिली. म्हणाली, तुझी चूक नाही, तुला धीर नाही एवढंच.

वेणी तिने मला सोडू दिली नाही, पुरीही करू दिली नाही. सोमवारी सकाळी तशीच स्कार्फखाली घेऊन उतरली. घरी आल्यावर बाबा तिच्या पायाशी बसले आणि त्यांना एकही वाक्य पुरं करता आलं नाही. तिनेच त्यांना जवळ घेतलं.

दुपारी तीनला, म्हणजे सांगलीत सकाळी साडेसातला, आम्ही फोन लावला. सुमेधकाकांची बायको, कांचनकाकू, फोनवर आली. आजी तिच्याशी शांतपणे बोलली. सगळं नीट झालं ना, पोरांनी काही खाल्लं का, एवढंच विचारलं. मग थकले म्हणाली, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि आत जाऊन पडली. तिने खोलीचा दिवा लावला नाही. पडदे ओढून घेतल्याचा आवाज आला.

कांचनकाकू पुढे जे बोलली, ते मी आजीला अजून सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही. हक्क, निबंध, सगळं मला पाठ आहे, तरी नाही.

"बुधवारी रात्रभर तुझ्या आजीचं नाव घेत होत्या गं," काकू म्हणाली. "मला काही सुचेना, तेव्हा मी खोटंच सांगितलं, मावशी निघाल्यात, बोटीत बसल्यात. तुमच्या सहलीचं मला ठाऊकसुद्धा नव्हतं, बोट कुठून आली तोंडात कोण जाणे. तेव्हा कुठे शांत झाल्या. म्हणाल्या, पाण्यावर दमी एकटी घाबरेल... मी जाते आणि तिला घेऊन येते."