बाहेरचा रकाना

सुलेखाच्या पहिल्या मुलीचं नाव ठेवलं ते साल दोन हजार चोवीस. दिवाळी नुकतीच उलटली होती. पडेगावात तिच्या वडिलांच्या, मोतीराम साळवे यांच्या दोन खोल्यांपुढं मांडव पडला, बुद्धवंदना झाली, पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या आणि बायकांनी मुलीचं नाव प्रेरणा ठेवलं. पंगत बसली तेव्हा जावई राजकुमार आपल्या मेहुण्याला, शिवमला म्हणाला, "इंजिनियरसाहेब, कॉम्प्युटर नाय तर नाय, पाळण्याची दोरी तरी हलवा. याला अनुभव लागत नाय."

सगळे हसले. शिवमही हसला. त्यानं खरंच दोरी धरली आणि पंगत उठेपर्यंत पाळणा हलवत बसला. मोतीराम मात्र मान खाली घालून भात कालवत राहिला.

शिवम तेवीस वर्षांचा. संगणकाचा इंजिनियर होऊन दीड वर्ष झालेलं. कॉलेजात नाव घालताना साहेब लोकांनी भिंतभर फोटो दाखवले होते, हा पोरगा अमक्या कंपनीत, ही पोरगी तमक्या कंपनीत. शेवटच्या वर्षी कंपन्या आल्याच नाहीत आणि फोटो तेवढे भिंतीवर राहिले. मग पोरगं पुण्याला गेलं, सहा जणांत एक खोली करून चार महिने राहिलं, आणि जाईल तिथं एकच सवाल ऐकून परत आलं. अनुभव किती? जागा नव्या पोरांची, आणि अनुभव दोन वर्षांचा मागायचे. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण या लोकांचं म्हणणं, आधी पोहून दाखवा, मग विहिरीजवळ येऊ देऊ. आणि आता तर नवीनच टूम निघाली होती. नव्या पोरांचं काम मशीन करतं म्हणे, तुम्ही मुरलेले होऊन या. मुरायचं कुठं, ते कुणी सांगत नव्हतं.

मोतीरामनं वाळूजच्या कारखान्यांत एकवीस वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली काढली होती. पंचेचाळिसाव्या वर्षी कॉलनीतल्या साक्षरता वर्गात तो अक्षरं शिकला. आता त्याला सिक्युरिटीचं काम होतं, औरंगपुऱ्यात, रत्नदीप कॉम्प्लेक्स नावाच्या तीन मजली इमारतीत. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. जिन्याच्या तोंडाशी स्टूल, पुढं टेबल, टेबलावर रजिस्टर. येणाऱ्याचं नाव, कुणाकडं काम, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. लिफ्ट कायमची बंद. वर जायला आणि खाली यायला तो एकच जिना, आणि सहाला शटर ओढून कुलूप लावायचं तेही मोतीरामनंच.

नाव लिहिण्यात त्याचा जीव होता. प्रत्येकाला विचारून, वेलांटी-उकार नीट बघून लिहायचा. पण बाहेरच्या वेळेचं कुणाला पडलेलं नसतं. माणूस काम झालं की निघून जातो, थांबून सही करत नाही. म्हणून सगळेच वॉचमन करतात ते मोतीरामही करायचा. सहाला कुलूप लावण्याआधी बाहेरचा रकाना वरपासून खालपर्यंत अंदाजानं भरून टाकायचा. पाच दहा, पाच वीस, साडेपाच. एजन्सीचा सुपरवायझर कडुबा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मामा, रकाना रिकामा दिसला की वरून बोंब होती. भरून टाकत जा."

नामकरणानंतरच्या आठवड्यात तिसरा मजला भाड्यानं गेला. सामान चढताना मोतीरामनं पाहिलं नाही, बहुतेक त्याच्या सुट्टीच्या रविवारी चढलं असेल. पाटी नव्हती. खाली जिन्याजवळ एक कागद चिकटवलेला होता. 'संगणक पदवीधरांची भरती. अनुभवाची अट नाही.' मोतीरामनं तो दोनदा वाचला आणि दुपारच्या चहाच्या वेळीच शिवमला फोन लावला. शिवमनं मोबाईलवर अर्ज भरला. बोलावणं येईल, असं उत्तर आलं.

मग रोज पोरं येऊ लागली. कुणी कन्नडचं, कुणी जालन्याकडचं, कुणी इथलंच. पोरांचे शर्ट घडीच्या खुणांसकट, पोरींच्या ओढण्या पिनांनी बसवलेल्या, सगळ्यांच्या हातात फायली. दहाच्या ठोक्याला येत, नाव सांगत, वर जात. मोतीराम त्यांना पाणी विचारायचा. अपेक्षा नावाची एक मुलगी म्हणाली, "काका, वर गेल्यावर पाहिजे. आता घशाखाली उतरणार नाही."

दोन आठवडे असेच गेले. पोरं परत जाताना दिसत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आपण चहाला गेलो तेवढ्यात उतरली असतील, पाठमोरे होतो तेव्हा गेली असतील, असं त्यानं मनाला सांगितलं. आणि सहा वाजता रकाना भरला.

मनकर्णाबाई आली ती एका शुक्रवारी. शेंद्र्याकडून दोन रिक्षा बदलून आलेली, डोक्यावर पदर, हातात मुलाचा फोटो.

"दादा, हा माझा सत्यम. इथं नोकरीला म्हणून आला, आज आठ दिवस झाले. घरी नाय आला."

मोतीरामनं पानं उलटली. "हे बघा ना माय. सत्यम. दहा पाचला आत, साडेपाचला बाहेर. गेला की तो."

"पोलिसपण हेच म्हणले. ह्या वहीचा फोटो काढून नेला त्यांनी. वहीत गेलाय म्हणजे गेलाच, म्हणले." बाईनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "मला वाचता येत नाय दादा. हे तुम्ही लिहिलं?"

"व्हय."

"त्याला जाताना बघितलं का तुम्ही?"

मोतीरामनं रजिस्टर मिटलं. बाई त्याच्याकडं बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो उठला आणि तिसऱ्या मजल्यावर गेला. काचेचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत लांबच लांब हॉल, ट्यूबलाइटी चालू, आणि खुर्च्यांच्या रांगा. माणूस एकही नाही. प्रत्येक खुर्चीवर एकेक फाईल ठेवलेली. खोबरेल तेलाचा, नव्या कापडाचा, घामाचा वास भरून राहिलेला. समोरच्या भिंतीपलीकडून कीबोर्ड बडवल्याचा आवाज येत होता, पन्नास-साठ जण एकदम बडवत असावेत असा. त्या भिंतीपलीकडं काय आहे हे मोतीरामला ठाऊक होतं. त्या भिंतीपलीकडं रस्ता होता. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला कबुतरं बसायची.

त्यानं एका खुर्चीवर हात ठेवला. बसायची जागा ऊबदार होती. दुसरीही तशीच.

सत्यमची फाईल तिसऱ्या रांगेत सापडली. वरच्याच कागदावर त्याची माहिती टाइप केलेली होती. इंग्रजी मोतीरामला कसंबसं लागायचं, पण आकडे चांगले लागायचे. जन्मसाल दोन हजार दोन. पुढं, अनुभव: एकोणीस वर्षं.

"तुम्ही उमेदवार आहात का?"

दाराशी एक बाई उभी होती. गळ्यात ओळखपत्र, पण ते उलटं फिरलेलं. आवाज गोड.

"नाय. मी वॉचमन."

"मग खाली बसा ना काका. नाव पुकारल्यावर येतील सगळे."

खाली येऊन त्यानं मनकर्णाबाईसमोरच रजिस्टर उघडलं आणि सत्यमच्या पुढचं साडेपाच खोडलं. इतकं खोडलं की कागद फाटला. बाई विचारत होती, "आता येईल का दादा?" तिच्यासाठी तो शटर लावायच्या वेळेपर्यंत जिन्याकडं बघत बसला. पण एकदा भरलेली जागा खोडून रिकामी होत नाही. कुणी आलं नाही.

शिवमचं बोलावणं आलं डिसेंबरच्या पहिल्या सोमवारचं.

मोतीरामनं घरात सगळं सांगितलं. त्याच्या बायकोनं, रत्नमालानं, ऐकता ऐकता गॅस बंद केला. शिवम मात्र उसळला.

"दीड वर्षात कुणी दारात उभं केलं नाय मला. आता बोलावलंय, तर तुम्हाला भुतं दिसाया लागली?"

"भुतं नाय रे. पोरं खाली येत नाय."

"काम लागलं असंल त्यांना! कामाला लागलेला माणूस खाली कशाला येतो? बाबा, राजकुमार भाऊजीनं सगळ्यांसमोर दोरी दिली माझ्या हातात. तुम्ही मान खाली घालून भात कालवत होते. मी बघितलं."

सोमवारी दहा वाजता तो टेबलासमोर उभा राहिला. अंगात बहिणीनं घेतलेला निळा शर्ट. मोतीराम जिन्यात आडवा उभा होता.

"बाबा, नाव लिहा."

"नाय लिहीत."

शिवमनं पेन घेतलं, स्वतःच नाव लिहिलं, बापाच्या खांद्याला हात लावून त्याला हळूच बाजूला केलं आणि वर गेला. एकेक पायरी सोडून चढत गेला, लहानपणी चढायचा तसा.

सहा वाजता मोतीरामनं पेनाला टोपण लावलं. शिवमच्या पुढचा रकाना कोरा ठेवला. शटरला कुलूप लावलं नाही. तिथंच बसून राहिला.

फोन लावला तेव्हा शिवमनं पहिल्याच रिंगला उचलला. "बसवलंय बाबा. नाव पुकारतील." मागं कीबोर्ड वाजत होते.

मंगळवारी परत लावला. "बसलोय, बाबा." आवाज बसलेला, जाड. सर्दी झाली का, असं मोतीरामनं विचारलं. पोरगं म्हणालं, "कधी? कोणती सर्दी?"

त्या दिवशी तो दोनदा वर गेला. काचेच्या दाराला आतून कडी होती. त्यानं लाथा घातल्या, दंडुका घातला. काच तडकलीसुद्धा नाही. आत खुर्च्या होत्या, फायली होत्या, आणि पहिल्या रांगेत एक फाईल नवीन होती. तो दारावर ओरडला. आयुष्यभर ठेकेदारापुढं, साहेबापुढं, कॉलेजच्या खिडकीपुढं गिळलेलं सगळं त्या दारावर ओरडला. एकवीस वर्षं मला पर्मनंट केलं नाय तुम्ही, माझ्या पोराला शिकवा म्हणले, शिकवला, आता अजून काय पायजे, माझी हाडं पायजेत का? दुसऱ्या मजल्यावरचा झेरॉक्सवाला बाहेर आला, त्यानं बघितलं आणि पुन्हा आत गेला.

बुधवारी कडुबा तपासणीला आला.

"मामा, तीन दिवस घरी गेले नाय म्हणे? आणि हा रकाना रिकामा?"

"माझं पोरगं वर आहे."

"अहो, असतंय तसं. भरा. साडेपाच टाका."

"नाय."

"आणा, मी टाकतो. उद्या ऑडिट आहे, माझी नोकरी घालवता का?" कडुबानं रजिस्टर ओढलं आणि खिशातलं पेन काढलं.

मोतीरामनं त्याची मानगूट धरली. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यानं वरच्या माणसावर हात उचलला नव्हता. "तुझी नोकरी? वर पन्नास पोरं आहेत, कडुबा! त्या पन्नासांना मी बाहेर काढलं, कागदावर! ह्या हातानं!" त्यानं रजिस्टर शर्टाच्या आत, पोटाशी खुपसलं आणि बटणं लावली.

"येडे झाले तुम्ही," कडुबा म्हणाला. पण त्याची नजर जिन्याकडं गेली, आणि तो पटकन गाडीवर बसून निघून गेला.

संध्याकाळी फोन लागला. पलीकडून नुसता खोकला आला. कोरडा, लांबलेला, शेवटी शिटी वाजणारा.

तो खोकला मोतीरामच्या ओळखीचा होता. त्याचा बाप असाच खोकायचा. शिवम जन्मायच्या आधीच तो बाप गेला होता.

गुरुवारी दुपारी बारा वाजता जिन्यावर पावलं वाजली.

एक पायरी. थांबणं. दुसरी पायरी. कठड्यावर हात घासल्याचा आवाज.

आधी बूट दिसले. मग निळा शर्ट, खांद्यावर ढगळ झालेला. मग पांढरं डोकं.

म्हातारा शेवटच्या पायरीवर थांबला. त्यानं उन्हाला डोळ्यांवर हात धरला. हाताची कातडी कागदासारखी झालेली. दुसऱ्या हातात फाईल.

"बाबा," तो म्हणाला.

मोतीराम स्टुलावरून उठला. त्यानं म्हाताऱ्याला त्यावर बसवलं. पाणी दिलं. म्हाताऱ्याच्या हातून अर्धं सांडलं.

"आई जेवली का?"

"जेवली."

"प्रेरणा मोठी झाली असंल."

"महिन्याची आहे अजून."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

"शिवम," मोतीरामनं विचारलं, "झालं का काम?"

"अनुभव झाला, बाबा. लई झाला." तो थोडा हसला. दात नव्हते. "शेवटच्या फेरीत म्हणले, आता वयात बसत नाय."

वर कीबोर्ड वाजत होते. मोतीरामनं पोराला पाठकुळी घेतलं. ओझं असं नव्हतंच. औरंगपुऱ्याच्या भर गर्दीतून तो रिक्षापर्यंत चालत गेला, आणि लोक वाट देत म्हणाले, बापाला जपून न्या.

रत्नमालानं त्याला ओळखायला वेळ घेतला नाही. आठ दिवस तिनं त्याला मऊ भात भरवला. राजकुमार येऊन गेला, उंबऱ्यातच उभा राहिला, आणि शेवटी मामंजी म्हणून शिवमच्याच पाया पडला. शिवम त्याला म्हणाला, "भाऊजी, मी आहे." राजकुमार त्या दिवसापासून मोतीरामच्या घरात जेवला नाही.

शिवम मोतीराम साळवे, संगणक अभियंता, जन्म दोन हजार एक, हा गुरुवार, बारा डिसेंबर दोन हजार चोवीस रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पडेगाव येथे राहत्या घरी वारला. डॉक्टरनं आधार कार्ड दोनदा पाहिलं, वय तेवीस लिहिलं, आणि कारणाच्या जागी म्हातारपण लिहिलं.