डाव्या बाजूची झीज

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यावर मी प्रताप नगरच्या घरामागे एक पत्र्याची शेड बांधली आणि तीत एक जुना लेथ बसवला. काम मिळावे हा उद्देश नव्हता. हात बसून राहू नयेत, एवढाच होता. तांत्रिक महाविद्यालयात आमच्या शिक्षकांनी एक शिस्त लावली होती: आधी मोजावे, मग लिहावे, त्यानंतरच बोलावे. पुढचा वृत्तान्त मी त्याच क्रमाने देत आहे.

ऑक्टोबर १९७४ मध्ये उमरेडचे कोळसा कंत्राटदार गिरिधर माझ्याकडे आले. कलकत्त्याकडच्या एका लिलावात त्यांनी तीस फुटी जुनी मोटर-नौका घेतली होती. ती आता अंबाझरी तळ्याच्या काठावर लाकडी ओंडक्यांवर उभी होती. चाक फिरवले की सुकाणू खडखडे. बेअरिंग बदलून हवे होते.

नौका चालवण्यासाठी त्यांनी देवाजीला ठेवले होते. देवाजी जातीचा ढीवर, वय साठीच्या घरात; उभा जन्म डोंग्यावर वल्हे मारण्यात गेलेला. पितळी चाकावर हात ठेवताना तो अजूनही आधी तळवे धोतराला पुसत असे.

"फोरमन साहेब, लवकर करा," तो म्हणाला. "शेठनं सांगतलं, दिवाळीच्या आत चालली नाही त बाहेरून डायवर आणतो. मी काय पुन्हा डोंग्यावर जाऊ?"

आम्ही सुकाणू खाली उतरवले. त्याचा दांडा दोन बुशांत फिरतो. बुश म्हणजे दांड्याभोवती बसवलेली धातूची नळी. वरचा बुश ठीक होता. खालचा गनमेटलचा बुश मात्र लंबगोल झाला होता. भिंतीची मूळ जाडी आठ मिलिमीटर. डाव्या बाजूला ४.५८ उरली होती. झीज ३.४२. उजव्या बाजूला काहीही नाही. कुणीतरी सुकाणू सतत एकाच बाजूला दाबून धरले असावे, अशी ती झीज होती.

आतल्या तेलाच्या खाचेजवळ एक ओरखडा होता. छिन्नी सटकल्याचा, कडेपासून अकरा मिलिमीटरवर, नखाएवढा, टोकाला वळलेला.

"हा कोण कारागीर होता कोण जाणे," मी म्हणालो. "आमच्या कॉलेजात याला बाकावर उभा केला असता."

"द्या फेकून," देवाजी म्हणाला.

जुना भाग नवा भाग चालल्याशिवाय मी फेकत नाही. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला.

नवा बुश मी दोन दिवसांत केला. तिसऱ्या दिवशी दुपारी तेलाची खाच कोरत असताना इंदूबाई, माझी पत्नी, शेडच्या दारात आली.

"चहा तिसऱ्यांदा गरम करून राहिली मी. माह्याकडं त लग्नातही इतकं निरखून पाह्यलं नाही तुम्ही!"

मी हसलो आणि छिन्नी सटकली.

चाळीस वर्षांत माझा हात असा सटकला नव्हता. ओरखडा लहान होता, टोकाला वळलेला. मी व्हर्नियर लावला. कडेपासून अकरा मिलिमीटर.

योगायोग, असे मी वहीत लिहिले. त्यानंतर नेहमीच्या सवयीने बुशाच्या बाहेरच्या अंगावर माझी खूण ठोकली: दोन टिंबे आणि एक रेघ. माझ्या छिन्नीची धार दसऱ्याच्या सुमारास एका कोपऱ्यात उडाली होती, त्यामुळे रेघ शेवटी तुटक उमटली.

मग जुना बुश काढला, रॉकेलमध्ये बुडवला आणि बाहेरचा हिरवा थर घासून काढला.

दोन टिंबे. एक रेघ. शेवटी तुटक.

चहा पुन्हा गार झाला.

गिरिधरांना मी फोन करून नौकेचा पूर्वेतिहास विचारला. त्यांनी तो हसत सांगितला: चौदा वर्षांपूर्वी एका खाडीत ही नौका रिकामी सापडली होती. इंजिन चालू, चाकावर कुणी नाही, आणि नौका डावीकडे डावीकडे गोल फिरत होती. चालवणारा कधीच मिळाला नाही. तेव्हापासून ती जमिनीवरच होती.

मी तो बुश बसवला नाही. अंजनाच्या लाकडाचा ठोकळा मिळवला. हे लाकूड पाण्यात बुडते आणि ओले असताना स्वतःच वंगणाचे काम करते. त्याचा दुसरा बुश कातला, ओरखडा न पडू देता बसवला. मी केलेला पहिला बुश लोखंडी पेटीत घालून कुलूप लावले. किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली.

रविवार, तीन नोव्हेंबर. सकाळी दहा वाजता देवाजी नौका घेऊन निघाला. मी काठावर उभा होतो. तळ्याच्या मध्यावर नौका डावीकडे वळली आणि एक पूर्ण फेरी घालून सरळ झाली.

"तशी काहून फिरवली?" मी विचारले.

"मी नाही फिरवली," देवाजी म्हणाला. तळवे धोतराला पुसत तो हसला. "नवी नवरी आहे साहेब, थोडी अडन. बाकी लोण्यावानी चालून राहिली."

लाकडी बुश मी तपासला. झीज शून्य. समाधानाने घरी आलो आणि सहज पेटी उघडली.

आतला बुश ओला होता. डाव्या बाजूला झीज ०.१९.

दर रविवारी देवाजी गिरिधरांच्या पाहुण्यांना फिरवून आणी आणि दर रविवारी संध्याकाळी मी पेटी उघडत असे. ०.३८. ०.५७. ०.७६. आकड्यांत एका शतांशाचाही फरक पडत नव्हता. जुना बुश ३.४२ वर थांबला होता. मी भागाकार केला. अठरा.

बुश फोडून टाकावा असे अनेकदा मनात आले. पण फोडला तर उरलेली भिंत एका क्षणात संपल्यासारखी होईल, आणि तो क्षण देवाजीच्या वाट्याला कसा येईल हे मला ठाऊक नव्हते.

जानेवारीत मी देवाजीला दोन्ही बुश दाखवले.

"देवाजी, ऐक गा माझं. हे काम सोड."

त्याने दोन्ही बुश हातात तोलून पाहिले.

"साहेब, तुमाले आकडे दिसते. मले काय दिसते सांगू? साठ वर्षं लोकं म्हणे, ए डोंगेवाल्या. आता म्हणते, कप्तान." त्याने बुश हळूच खाली ठेवले. "थे नका काढून घेऊ."

सतरावा रविवार झाला. झीज ३.२३.

मग मी ठरवले. सुकाणूचा दांडा चाकाच्या जोडणीशी एका पोलादी पिनेने बांधलेला असतो. ती काढली की चाक नुसते फिरते, सुकाणू हलत नाही. देवाजीला सांगितले असते तर त्याने दुसरी पिन घातली असती. म्हणून सांगितले नाही. रविवारी सकाळी निघण्यापूर्वी तो चाक फिरवून पाहील, बिघाड दिसेल, नौका निघणार नाही आणि अठरावा रविवार टळेल, असा माझा हिशेब होता. शुक्रवारी संध्याकाळी मी काठावर गेलो, पिन काढली आणि खिशात घातली.

शनिवार, एक मार्च १९७५. साडेचार वाजता देवाजी घरी आला. ऊन तापलेले होते. तो दारात उभा राहिला, बस म्हटल्यावर वेताच्या खुर्चीत बसला. त्याच्या सदऱ्याची डावी बाजू खांद्यापासून कमरेपर्यंत ओली होती. उजवी कोरडी. घामाचा वास नव्हता, शेवाळाचा होता.

"साहेब," तो म्हणाला, "आज चाक लय हलकं लागलं."

"आज?" मी विचारले. "आज तर शनिवार आहे."

"शेठचे पाहुणे उद्या सकाळीच येऊन राहिले. म्हून आजच एक चक्कर मारून पाहून घेतो म्हटलं."

त्याने तळवे धोतराला पुसले नाहीत. ते मांडीवर उताणे पडले होते.

"चहा सांगतो," मी म्हणालो आणि शेडमध्ये गेलो. पेटी उघडली. व्हर्नियर काढला. तीन वेळा लावला.

३.४२.

परत आलो तेव्हा इंदूबाई दोन कप घेऊन उभी होती.

"देवाजी न बोलता काहून गेले वं बाई?" ती स्वतःशीच म्हणाली. "चहाही नाही घेतला."

खुर्चीचा डावा हात ओला होता. त्यावरून एक थेंब फरशीवर पडला.

बाहेर जीप थांबली. गिरिधर धावत आत आले.

"आनंदराव, चला लवकर. चार वाजतापासून नौका तळ्यात गोल फिरून राहिली. चाकावर कोणी नाही. देवाजी कुठंच दिसून नाही राहिला."

ती कोणत्या बाजूला फिरत होती, हे मी विचारले नाही.

मी खिशात हात घातला. पिन होती. ती ओली होती.